लाल शाई नसलेली वही

“सर रंग बघून मार्क देतात का हो, मॅडम?” मी समुपदेशक, हा प्रश्न पालक मला दबक्या आवाजात विचारतात. वर्गात आपलं मूल वंशाने, रंगाने वेगळं. कालपर्यंत पुढे असलेलं आता मागे पडतंय. दोष द्यायचा कुणाला, हे त्यांना कळत नाही.

आठवीतल्या एका मुलीची आई अशीच आली. कुणी हिणवलं नव्हतं, मारलं नव्हतं. “उलट सर फार गोड बोलतात तिच्याशी.” मुलगी मात्र अभ्यासातून अंग काढून घेत होती आणि माझ्यासमोरही गप्प. मी तिला निबंधाची वही आणायला सांगितली, मैत्रिणीचीही मागून आण म्हटलं.

मैत्रिणीची पानं लाल शाईने भरलेली: खोडलेली वाक्यं, समासात ‘हे कशावरून?’, खाली ‘पुन्हा लिही’. हिच्या प्रत्येक निबंधाखाली ‘छान’ आणि सही. ढळढळीत चुका तशाच.

“काय दिसतंय?”

ती बराच वेळ पानं उलटत राहिली. “माझ्या चुका सरांनी बघितल्याच नाहीत. माझ्याकडून एवढंच होणार, असं वाटतं त्यांना.” मग हळूच, “मलाही आता तसंच वाटतं.”

गाठ इथेच होती. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे मनातल्या समजुतीला पुरावा आहे का हे तपासत, काम करते, त्यामुळे माझा कान अशा वाक्यांवरच असतो. सरांबद्दलचं तिचं म्हणणं खरं असू शकतं, वही समोरच होती. स्वतःबद्दलच्या म्हणण्याला मात्र पुरावा काहीच नाही. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणत मोठी माणसं पहिलं उडवून लावतात, मग मूल दुसरं सांगतच नाही. ही दोन सुटी करणं मला बरं जमतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी शिक्षकांना आवर्जून सांगते. सातवीच्या मुलांच्या तपासलेल्या निबंधांना चिठ्ठ्या जोडल्या. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी 17 टक्क्यांनी निबंध सुधारून दिला. ‘माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करशील, म्हणून हे शेरे’ अशी चिठ्ठी मिळालेल्यांत हेच प्रमाण 70 टक्क्यांच्या वर गेलं.

आईला म्हटलं, “तुम्ही भेदभाव करता, अशी सुरुवात करू नका. सर दुखावतील आणि बोलणं त्यांच्या हेतूवर जाईल. वही पुढे ठेवून विचारा, यात काय सुधारायला हवं? पुन्हा लिहून दिलं तर तपासाल का?” मुलगी स्वतःच वही घेऊन गेली. सर गडबडले म्हणे, मग त्यांनी दोन परिच्छेद सरळ खोडले. ती माझ्याकडे आली ती तणतणतच! आणि निबंध पुन्हा लिहून.

हा मार्ग गोड दुर्लक्षासाठी. वंशावरून टोमणे, एकाच चुकीला वेगळी शिक्षा असं असेल तर असे मऊ प्रश्न नकोत. काय घडलं ते तारखेसह लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या.