पऱ्हाटीपासून इंधन : मुलीने पदवी कोणती घ्यावी?

पत्र : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. गणित आणि रसायनशास्त्र तिला चांगले जमते. आमची कोरडवाहू कपाशी असून दरवर्षी उपटलेली पऱ्हाटी आम्ही धुऱ्यावर जाळतो. ते पाहून तिने अशा काडीकचऱ्यापासून इंधन तयार करण्याच्या क्षेत्रातच शिकायचे ठरवले आहे. एका खासगी महाविद्यालयात ‘नवीकरणीय ऊर्जा’ या नावाची बी.टेक. पदवी आहे, पण फी फार आहे. नातेवाईक कॉम्प्युटरचा आग्रह धरतात. शिवाय एका यंत्रविक्रेत्याने टॉरिफॅक्शन प्लांटचे, म्हणजे काडी भाजून इंधन करणाऱ्या प्लांटचे, कोटेशन दिले आहे. शेत तारण ठेवून तो आत्ताच उभारला, तर शिक्षण संपेपर्यंत तिचा धंदा तयार राहील, असे मनात आहे. मार्गदर्शन करावे. — एक पालक, यवतमाळ जिल्हा

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या मुलीने निवडलेले क्षेत्र खरे आहे आणि त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तथापि पदवी मात्र तिने इंधनाच्या नावाची न घेता मूळ अभियांत्रिकीची घ्यावी, आणि प्लांटसाठी शेत तारण ठेवण्याचा विचार आपण तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे या क्षेत्राच्या स्वरूपातच आहेत, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

काडीकचरा उघड्यावर जाळला तर उष्णता आणि धूर दोन्ही वाया जातात. तोच हवा रोखून किंवा मोजून देऊन तापवला, तर तापमानानुसार वेगवेगळे पदार्थ हाती येतात. सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसला, प्राणवायूशिवाय, त्याचे टॉरिफॅक्शन होते, म्हणजे काडी कॉफीच्या बियांसारखी भाजली जाते. ५०० अंशांच्या आसपास झटपट तापवून वाफा थंड केल्या की पायरोलिसिसचे तेल मिळते. ७०० अंशांच्या वर थोडी हवा सोडली की गॅसिफिकेशन होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला जळाऊ वायू तयार होतो. त्यातले डांबर काढणे ही त्या धंद्याची जुनी डोकेदुखी आहे.

यांपैकी टॉरिफॅक्शन आपल्याकडील पऱ्हाटीला विशेष लागू पडते. कच्ची काडी चिवट असते, दगडी कोळशाच्या चक्कीत ती बारीक होत नाही, आणि पावसात ठेवली तर कुजते. भाजल्यावर तिचे सुमारे ३० टक्के वजन घटते, पण ऊर्जा मात्र ९० टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहते. म्हणजे किलोमागे उष्णता वाढते, काडी ठिसूळ होते आणि पाणी फारसे धरत नाही. औष्णिक वीज केंद्रांना यात रस आहे तो याचसाठी. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील दादरी येथे कोळशात पेलेट्स, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या, मिसळून पाहिले, आणि ऊर्जा मंत्रालयाने २०२१ च्या धोरणात कोळशावरील केंद्रांना ५ टक्के जैव पेलेट्सचे बंधन घातले. बॉल अँड ट्यूब प्रकारच्या चक्क्या असलेल्या केंद्रांसाठी तर ते पेलेट्स टॉरिफाइड असावेत, असे त्याच धोरणात म्हटले होते. त्यानंतर वेळापत्रक पुढे सरकले, कारण कागदावरच्या टक्केवारीएवढा माल बाजारात उपलब्ध नव्हता.

माल का नव्हता, हा प्रश्न आपल्या मुलीने नीट समजून घ्यावा, कारण तिचे पुढचे सारे काम त्याच्याभोवती फिरणार आहे. भट्टी बनवणे ही यातली सर्वांत अवघड गोष्ट नव्हे. पऱ्हाटी शेतातून निघते ती शेवटच्या वेचणीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत, आणि प्लांट चालवायचा असतो बारा महिने. ती इतकी फोफशी असते की ट्रॉली डोळ्यांना भरलेली दिसली तरी काट्यावर वजन भरत नाही, त्यामुळे थोडे अंतर वाढले की वाहतूकच माल खाऊन टाकते. त्यात ओलावा. समजा, एक टन पऱ्हाटीत ४० टक्के पाणी आहे. ते ४०० किलो पाणी ३० अंशांपासून तापवून उडवायला, किलोला साधारण ६१० किलोकॅलरी धरल्यास, सुमारे २ लाख ४४ हजार किलोकॅलरी लागतात. उरलेल्या ६०० किलो सुक्या काडीत, किलोला ४,००० धरून, २४ लाख किलोकॅलरी असतात. म्हणजे दहावा हिस्सा नुसत्या वाळवण्यात जातो, आणि प्रत्यक्षातील वाळवणयंत्र त्याहून जास्तच खाते. हाच माल आधी उन्हात वाळवला तर हिशोब एकदम बदलतो. पोटॅशियमयुक्त राख बॉयलरच्या नळ्यांवर चिकटणे, भाजलेल्या भुकटीला आग लागण्याचा धोका, आणि भाजणी जास्त झाली की पेलेट घट्ट न बसणे, हेही प्रश्न याच जातीचे आहेत.

हा जो हिशोब मी वर केला, तो रासायनिक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ‘वस्तुमान आणि ऊर्जेचा ताळेबंद’ म्हणून शिकवला जातो. उष्णतेचे वहन, वाळवण, अभिक्रियांचा वेग आणि रिअ‍ॅक्टरची रचना हे पुढचे विषयही भट्टीशी थेट जोडलेले आहेत. म्हणून रसायन आणि गणितात गती असलेल्या मुलीला मी पहिली पसंती रासायनिक अभियांत्रिकीला देईन. नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, जी आता विद्यापीठ झाली आहे, आणि व्हीएनआयटी या दोन्ही संस्था आपल्या जवळच्या आहेत. व्हीएनआयटीसाठी जेईई मेन द्यावी लागते. दुसरी पसंती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकीची, कारण तेथे अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे आणि काढणी, माल गोळा करणे, साठवण यांच्याशी संबंधित शिक्षणही मिळते. अभियांत्रिकी आणि कृषी अभियांत्रिकी दोन्हींना एमएचटी-सीईटीचे गुण चालतात, परंतु त्यांच्या प्रवेशाच्या फेऱ्या वेगवेगळ्या असतात. एकच अर्ज भरून दुसरी वाट बंद करून घेणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात. दोन्ही अर्ज वेळेत भरावेत.

‘नवीकरणीय ऊर्जा’ या पदवीवर माझा आक्षेप तिच्या नावावर नाही. बहुतेक अशा अभ्यासक्रमांत सौर, पवन, जैव सगळ्यांची तोंडओळख होते आणि पाया कच्चा राहतो; पुढे बॉयलर किंवा प्रक्रिया उद्योगात अर्ज करताना मूळ शाखेची पदवी विचारली जाते. हे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर घ्यावे. गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन आयआयटी मुंबईचा ऊर्जा विभाग हा एक मार्ग आहे. संशोधनाची आवड टिकली तर बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, देहरादूनची भारतीय पेट्रोलियम संस्था आणि पंजाबातील कपूरथळ्याची जैव ऊर्जा संस्था यांची कामे पाहावीत. आपल्याकडेही परंपरा आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटावर चालणारे गॅसिफायर बनवले, आणि पुण्याच्या आरती संस्थेला पाचटाचा कोळसा करण्याच्या तंत्रासाठी २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. या मुलीने सुट्टीत त्यांच्याविषयी वाचावे, जमल्यास नागपूरला कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या केंद्रात पऱ्हाटीवरील काम पाहायला जावे.

नोकरीचे म्हणाल, तर केवळ जैव इंधनावर अवलंबून राहू नये. साखर कारखान्यांतील बगॅसवरील (उसाच्या चिपाडावरील) सहवीजनिर्मिती, बॉयलर बनवणाऱ्या पुण्याच्या कंपन्या आणि रासायनिक उद्योग, ही कामे याच पायावर मिळतात, आणि बॉयलरचा अनुभव घेतलेल्या अभियंत्याला या क्षेत्रात मागणी असते. कॉम्प्युटरविषयी नातेवाईक चुकीचे सांगत नाहीत, पण मुलीचा कल दुसरीकडे असताना ते कारण पुरेसे नाही. प्रोग्रॅमिंगचे थोडे शिक्षण मात्र तिने कोणत्याही शाखेत घ्यावे.

आता प्लांटविषयी. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागाव्यात : पऱ्हाटीवरच चालणारा, आपण जाऊन पाहू शकू असा प्लांट, किती ओलाव्याच्या मालावर क्षमतेची हमी आहे, आणि तयार पेलेट्स घेणाऱ्या खरेदीदाराचा करार. पहिल्या दोन गोष्टी मिळाल्या तरी तिसरीशिवाय हात घालू नये. हा धंदा मुळातच करू नये असे मी म्हणत नाही, पण जिच्यासाठी तो काढायचा तिने आधी दुसऱ्याच्या प्लांटमध्ये निदान दोन हंगाम काम केलेले असावे. कर्ज आधी आणि शिक्षण नंतर, हा क्रम शेतीवर फार भारी पडेल.

या हंगामात मुलीला एक काम द्यावे. पऱ्हाटी उपटल्याच्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तिचे तेच ठरावीक तुकडे वजन करून तिने वहीत नोंदवावेत. ओलावा किती घटतो ते कळेल. ती वही आणि सीईटीचा निकाल हाती आला की पुन्हा लिहावे, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावताना मला अधिक नेमके सांगता येईल.