बर्फाखालचा तपकिरी थर: घाण नव्हे, शेवाळ

प्रश्न: अंटार्क्टिकातल्या जहाजाचा एक व्हिडिओ बघितला. जहाज बर्फ फोडत जातं तेव्हा उलट्या झालेल्या लाद्या खालून चहासारख्या तपकिरी दिसतात. हे जहाजाचं ऑइल आहे का? तिथेपण प्रदूषण पोचलं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: ऑइल नाही हो, ते शेवाळ आहे, आणि चांगलं जिवंत आहे. साधारण १८४० च्या सुमारास जेम्स रॉस या ब्रिटिश दर्यावर्द्याच्या अंटार्क्टिक मोहिमेच्या जहाजावर जोसेफ हूकर नावाचा तरुण डॉक्टर होता, त्यालाही असाच मळकट बर्फ दिसला, त्याने तो मायक्रोस्कोपखाली बघितला तर सगळे डायटम, म्हणजे काचेसारखं सिलिकाचं कवच असलेलं एकपेशी शेवाळ. क्लोरोफिल त्यांच्यातही असतं पण सोबत फ्युकोझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं, म्हणून हिरव्याऐवजी तपकिरी दिसतात.

आधी एक घोळ मिटवू. हा बर्फ म्हणजे हिमनग नव्हे. हिमनग हिमनदीतून तुटलेला, गोड्या पाण्याचा. आणि हा खुद्द समुद्र गोठून झालेला, साधारण उणे १.८ अंशाला गोठतो. गोठताना मीठ बर्फाच्या स्फटिकात मावत नाही, त्यामुळे बरंचसं खाली समुद्रात जातं आणि उरलेलं बर्फातच बारीक बारीक नळ्यांमध्ये घट्ट खारं पाणी होऊन अडकतं. लहानपणी आईस्क्रीमचा पॉट फिरवला असेल तर आठवा, बर्फात खडेमीठ का टाकायचे? मिठाचं पाणी शून्याच्या खालीही पातळ राहतं म्हणून. तेच इथे. उणे १० अंशाला या नळ्यांतलं पाणी समुद्राच्या जवळपास चौपट खारट असतं, तरी पातळ असतं, आणि हे डायटम त्यातच राहतात.

प्रश्न: पण मग ते गोठून फुटत कसे नाहीत? आणि अंधारात जगतात कसे? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

उत्तर: त्यांच्याकडे बर्फाला चिकटून स्फटिक वाढू न देणारी प्रोटीनं असतात. त्याची जीन्स बहुतेक बॅक्टेरियांकडून उसनी आली असावीत असं मानतात. शिवाय पेशीभोवती बुळबुळीत चिकट द्रव सोडतात, आणि आत प्रोलिनसारखी रसायनं साठवतात म्हणजे बाहेरच्या खारटपणाने पेशी सुकत नाही. फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस नावाचा डायटम दोन्ही ध्रुवांवर सापडतो, त्याचा जीनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा नकाशा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

उजेडाचं म्हणाल तर वरच्या उन्हाचा जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी खाली पोचतो आणि तेवढ्यावर यांचं भागतं. खरी अडचण बर्फापेक्षा त्यावरच्या भुसभुशीत स्नोची, तो उजेड फार अडवतो. अंटार्क्टिकात कधी कधी या स्नोच्या वजनाने लादीच पाण्याखाली दबते, समुद्राचं पाणी वर चढतं आणि मग शेवाळ चक्क वरच्या अंगाला वाढतं!

प्रश्न: बर्फ वितळला तर उजेड वाढेल, मग शेवाळाला चांगलंच ना? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: प्रश्न बरोबर आहे, पण घर गेलं तर उजेड घेऊन करायचं काय? आणि मुख्य भानगड वेळेची आहे. आर्क्टिकमध्ये कॅलॅनस ग्लेशियालिस नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा जीव आहे, त्याच्या माद्या वसंतात हे बर्फाचं शेवाळ खाऊन अंडी घालतात, आणि पिल्लं खाती होईपर्यंत मोकळ्या पाण्यातलं शेवाळ फुललेलं असतं. बर्फ लवकर गेला की दोन्ही पंगती जवळजवळ एकदमच बसतात आणि पिल्लं पोचेपर्यंत पानं उचललेली. मग त्या कॅलॅनसवर जगणारा पोलर कॉड मासा, त्यावर जगणारे सील, सगळ्यांचीच पंचाईत. अंटार्क्टिकात हिवाळ्यात क्रिलची (कोळंबीसारखा छोटा जीव) पिल्लं बर्फाच्या खालच्या बाजूला हेच खरवडून खातात.

२०१२ च्या उन्हाळ्यात आर्क्टिकचा बर्फ विक्रमी आटला होता तेव्हा जर्मनीचं पोलारस्टर्न जहाज तिथे होतं. बर्फाखाली जटांसारखं लोंबणारं मेलोसिरा आर्क्टिका नावाचं शेवाळ त्यावरच्या शास्त्रज्ञांना सुमारे ४ हजार मीटर खाली समुद्राच्या तळावर ढिगाने पडलेलं दिसलं. एवढा खाऊ एकदम! तळावरच्या समुद्रकाकड्यांची (काकडीच्या आकाराचे प्राणी) चंगळ झाली, पण जे पोटात गेलं नाही ते कुजताना तिथला ऑक्सिजन संपत होता.

प्रश्न: या विषयात काम करायचं तर भारतात कुठे? (तीच विद्यार्थिनी)

उत्तर: आपल्या शेजारीच, गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही स्टेशनं तेच सांभाळतात, आर्क्टिकमधलं हिमाद्रीसुद्धा. मैत्री किनाऱ्यापासून बरंच आत आहे, त्यामुळे समुद्री बर्फाचं मनात असेल तर भारती बरं. आत्ता मात्र आधी बॉटनी किंवा मायक्रोबायोलॉजी नीट कर.