'उरण' चालतं, मग 'ठाणे' का अडतं?

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा कशी घडते, तिच्यात कोणाचा शब्द चालतो आणि आपल्यासारख्यांनी त्यात कुठून शिरायचं, यावर या वेळी बरेच प्रश्न आले. त्यांतले सहा घेतले आहेत, सगळे ठाणे आणि नवी मुंबईतले.

प्रश्न (तुर्भे): वाशीच्या बाजार आवारात आमचा गाळा आहे. रोजची आवक नोंदवणारं एक छोटं वेबपान भावाने बऱ्याच वर्षांपूर्वी पायथनमध्ये लिहून दिलं होतं. सर्व्हर बदलला, पायथन ३.१३ आला आणि पहिल्याच ओळीला सगळं बंद पडलं. 'सीजीआय' नावाचं मोड्यूलच (पायथनसोबत मिळणारा तयार कोडचा भाग) नाही म्हणतो. आम्हाला न विचारता चालती गोष्ट काढून कशी टाकतात?

उत्तर: आधी गाळा चालू करू. 'लेगसी-सीजीआय' नावाचं पॅकेज पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस उतरवणाऱ्या साधनाने, टाका, जुनं मोड्यूल जसंच्या तसं परत मिळेल. आवक पुन्हा नोंदता यायला लागली की सवडीने ते पान फ्लास्कवर, म्हणजे पायथनमध्ये वेबपानं लिहायच्या साधनावर, हलवा.

आता तुमच्या रागाकडे येतो, कारण तो रास्त आहे. पायथनमध्ये मोठा बदल करायचा तर आधी लेखी प्रस्ताव लागतो. त्याला 'पेप' म्हणतात. सीजीआयसकट १९ जुनी मोड्यूल्स काढण्याचा पेप ५९४ हा २०१९ सालचा. त्यावर उघड चर्चा झाली. ३.११ आणि ३.१२ या दोन आवृत्त्यांत 'हे जाणार आहे' अशी सूचना मिळत होती, आणि मग ३.१३ मध्ये ती मोड्यूल्स गेली. म्हणजे विचारलं होतं. पण ते तुमच्या कानावर येईल अशा जागी विचारलं नव्हतं. या प्रकारच्या बऱ्याच सूचना पायथन एरवी दाखवतच नाही. ज्या दाखवतो त्या सर्व्हरच्या लॉग फाइलमध्ये जातात, आणि गाळ्यावर लॉग उघडून बघायला वेळ कोणाला असतो?

यावर एकच उपाय आहे. वर्षातून एकदा आपली स्क्रिप्ट '-डब्ल्यू एरर' हा पर्याय देऊन चालवायची, डब्ल्यू मोठा. मग जिथे नुसती सूचना आली असती तिथे स्क्रिप्ट थांबते आणि पुढे काय जाणार आहे ते वर्षभर आधी कळतं. हे करायला मे-जून बरा. नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते आणि तिचा पहिला बीटा, म्हणजे चाचणीसाठी दिलेलं आधीचं रूप, साधारण मे महिन्यात निघतो. बीटा निघाला की नवीन काही आत घेत नाहीत, पण 'यामुळे आमचं मोडतंय' हे म्हणणं तेव्हा आवर्जून ऐकलं जातं.

ऐकतात याचा दाखला देतो. टाइप ॲनोटेशन, म्हणजे कोडमधली किंमत कोणत्या प्रकारची ते सांगणारी टीप, वाचण्याची पद्धत ३.१० मध्ये सगळ्यांसाठी बदलायचं ठरलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये, बीटा तोंडावर असताना, पायडँटिक आणि फास्टएपीआय या लायब्ररी (तयार कोडचे संच) सांभाळणाऱ्यांनी कळवलं की या बदलाने आमच्या लायब्ररी कोलमडतील. पायथनचा कारभार बघणाऱ्या सुकाणू मंडळाने बदल मागे घेतला. त्या अडचणीवर वेगळा तोडगा निघाला आणि तो ३.१४ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२५ ला आला. त्यांचं म्हणणं चाललं, कारण ते वेळेवर आले आणि नेमकं काय मोडतंय ते घेऊन आले.

प्रश्न (खारघर): सभासद नोंदणीचा फॉर्म केला आहे. गावाच्या रकान्यात फक्त अक्षरं हवीत म्हणून 'इजअल्फा' ही तपासणी लावली. 'उरण' लिहिलं तर फॉर्म घेतो. 'ठाणे', 'पनवेल', 'घणसोली', 'खारघर' लिहिलं की चूक दाखवतो. हा पायथनमधला बग ना? कळवू का?

उत्तर: या महिन्यातला हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. यात आपल्या लिपीचं मर्मच आलं आहे.

'उरण' मध्ये तीन चिन्हं आहेत, उ, र आणि ण, आणि तिन्ही युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांची चिन्हं संगणकासाठी ठरवणाऱ्या मानकाच्या, हिशेबात 'अक्षर' गटातली. 'ठाणे' मध्ये चार आहेत: ठ, काना, ण, मात्रा. काना आणि मात्रा यांना युनिकोड 'अक्षर' म्हणत नाही, 'जोडचिन्ह' म्हणतं. इजअल्फा प्रत्येक चिन्ह अक्षर गटात आहे का एवढंच बघतो. दुसऱ्याच चिन्हाला काना आला की उत्तर 'नाही'. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडणारा हलन्त, यांतलं एकही ज्या नावात नाही तेवढंच पास होणार. नकाशावर बोट फिरवून बघा, अशी गावं किती सापडतात.

गंमत पुढे आहे. त्याच 'ठाणे'ला 'इजआयडेंटिफायर' विचारलं तर उत्तर 'हो' येतं. म्हणजे ठाणे हे व्हेरिएबलचं नाव म्हणून चालतं, पण अक्षरांचा शब्द म्हणून चालत नाही. दोन्ही नियम एकाच भाषेतले.

हा बग आहे का? अधिकृत माहितीत लिहिलं आहे की इजअल्फाची 'अक्षरा'ची व्याख्या युनिकोडच्या 'अल्फाबेटिक' या गुणधर्मापेक्षा वेगळी आहे. नियम लिहिलेला आहे आणि कोड त्याप्रमाणेच वागतो, म्हणून 'बग' या सदरात तुमची नोंद टिकणार नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायच्या सोयीतला) बॅकस्लॅश-डब्ल्यू याच जातीचा आहे. 'ठाणे'मधून शब्द शोधायला सांगितलं तर तो ठ आणि ण असे दोन तुकडे काढून देतो. त्याची तक्रार २०११ पासून नोंदलेली आहे. अशा जागी बदल करणं अवघड का जातं, तर जुन्या वागण्यावर बेतलेले असंख्य प्रोग्राम जगभर चालू आहेत. हे कारण मला पटतं. तरी आपलं दुखणं त्याने कमी होत नाही, आणि ते बोलून दाखवण्यात गैर काही नाही.

म्हणून कळवा, पण असं. आधी जुन्या नोंदी शोधा. सापडलेल्या नोंदीखाली चार ओळींचं उदाहरण द्या: 'उरण' आणि 'ठाणे' शेजारी शेजारी, कोणती आवृत्ती, काय अपेक्षित होतं, काय मिळालं. 'आमच्या भाषेवर अन्याय' असा सूर लावू नका. तो खरा असला तरी वाचणाऱ्याला त्यातून काय करायचं ते कळत नाही. आणखी एक गोष्ट करता येईल. इजअल्फाच्या माहितीत देवनागरीचं उदाहरण घाला असं सुचवा. वागणं बदलण्यापेक्षा माहिती सुधारण्याला होकार मिळणं कितीतरी सोपं असतं.

तोवर तुमच्या फॉर्मसाठी: 'युनिकोडडेटा' मोड्यूलमधलं 'कॅटेगरी' वापरा. ज्या चिन्हाचा गट एल (अक्षर) किंवा एम (जोडचिन्ह) ने सुरू होतो ते घ्या, बाकीची सोडा. 'नवी मुंबई'साठी मोकळी जागाही चालू द्या. शब्द शोधायचे असतील तर बाहेरून मिळणारं 'रेजेक्स' पॅकेज मात्रा नीट ओळखतं.

आणि एक खाचखळगा, ज्यात मी स्वतः पडलो. एका वाचनालयाची सभासद यादी करताना 'कुऱ्हाडे' हे आडनाव तीन वेगळी आडनावं म्हणून मोजलं जात होतं. पडद्यावर तिन्ही सारखीच. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा उलगडलं की आपला अर्धा र तीन तऱ्हांनी साठवला जातो. एकात थेट ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात र, खाली नुक्ता (टिंब) आणि हलन्त, तिसऱ्यात र, हलन्त आणि एक अदृश्य 'झिरो विड्थ जॉइनर'. 'एनएफसी' नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं, केलं की पहिली दोन एक होतात. तिसरं होत नाही, ते हाताने बदलावं लागतं. तो अदृश्य जोडणारा अक्षरातही मोडत नाही आणि जोडचिन्हातही, त्यामुळे वरच्या तपासणीतसुद्धा अडकेल. आधी तो ऱ करून घ्या, मग तपासा.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): पायथनचा मालक कोण? आमच्या सोसायटीसारखी कमिटी असते का?

उत्तर: कमिटी आहे. खिडो व्हॅन रॉसम यांनी भाषा सुरू केली, पहिली आवृत्ती १९९१ ची. पुढे सत्तावीस वर्षं अखेरचा शब्द त्यांचा होता. २०१८ मध्ये पेप ५७२ वरून, म्हणजे ओळीच्या मध्येच किंमत देणारं एक नवं चिन्ह घ्यावं की नाही यावरून, वाद इतका पेटला की प्रस्ताव मान्य करून त्याच जुलैत त्यांनी अधिकार सोडला. जाताना वारस नेमला नाही. मुख्य विकासकांनीच कारभाराचे वेगवेगळे आराखडे मांडले, त्यांवर मतदान केलं आणि पाच जणांचं सुकाणू मंडळ आलं. २०१९ च्या पहिल्या मंडळावर खिडो स्वतःही निवडून आले होते. दर मोठ्या आवृत्तीनंतर निवडणूक होते आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो.

सोसायटीशी फरक एवढाच की तिथे मत फ्लॅटमुळे मिळतं, इथे कामामुळे. बराच काळ चांगलं काम केलेल्याला बाकीचे मुख्य विकासक मतदानाने आपल्यात घेतात. चर्चेत बोलायला मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही.

प्रश्न (कळवा): मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. 'इफ', 'फॉर' याऐवजी 'जर', 'साठी' असे शब्द पायथनमध्ये आणायचा प्रस्ताव द्यावा का?

उत्तर: बाई, हा प्रस्ताव मान्य होईल असं मला वाटत नाही. राखीव शब्द ३५ आहेत. ते प्रत्येक भाषेत वेगळे झाले तर कळव्यात लिहिलेला प्रोग्राम क्योटोत वाचता येणार नाही. पण नावं मराठीत देता येतात. पेप ३१३१ ने पायथन ३ पासून ही सोय झाली. 'एकूण_गुण = गणित + विज्ञान' ही ओळ पायथन बिनतक्रार चालवतो. सहावीच्या मुलांसमोर हे करून बघा. 'टोटल' आणि 'मार्क्स'च्या स्पेलिंगवरचं लक्ष हिशेबावर येतं.

आकड्यांचं जपा. कोडमध्ये '३५' देवनागरीत लिहिलं तर सिंटॅक्स एरर येते. पण मुलाने कीबोर्डवरून ३५ टाइप केलं आणि ते 'इंट'ला (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला) दिलं, तर पायथन ते बरोबर पस्तीस समजतो. वर्गात हे मुद्दाम दाखवावं असं आहे.

तुमची ही कळकळ भाषांतराकडे वळवावी असं मी म्हणेन. पायथनची अधिकृत माहिती जपानी, कोरियन, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांत मिळते. नव्या भाषेने सुरुवात कशी करायची ते पेप ५४५ मध्ये लिहिलं आहे. सुरुवात 'ट्यूटोरियल'पासून करा. चार शिक्षकांनी रविवारी तासभर बसून एकेक प्रकरण घेतलं तरी पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हातात काहीतरी पडेल. शब्द निवडताना वर्गात बोलला जाणारा शब्द घ्या. 'लूप' हा लूपच राहू दे.

प्रश्न (ऐरोली): दीड महिन्यापूर्वी पायथनला पहिली पुल रिक्वेस्ट (माझा बदल आत घ्या अशी विनंती) पाठवली. कोणी बघितलीच नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असेल का?

उत्तर: इंग्रजीमुळे नाही. तपासणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून हे करतात आणि रांग मोठी आहे. योगदान करारावर सही झाली आहे का, चाचण्या हिरव्या आहेत का, 'न्यूज'ची नोंद (काय बदललं ते सांगणारी) जोडली आहे का, हे बघा. यातलं एक जरी राहिलं असेल तरी माणूस पुढच्या रिक्वेस्टकडे जातो. सगळं असेल तर दोन ओळींची विनम्र आठवण करा, एकदाच.

शेरे आले की दुरुस्ती नव्या कमिटमध्ये (बदलाच्या वेगळ्या नोंदीत) टाका, फोर्स-पुश करू नका, म्हणजे जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी लादू नका. नाहीतर तपासणाऱ्याला आधी काय बघितलं होतं ते सापडत नाही. माझा पहिला बदल माहितीतल्या एका वाक्याचा होता आणि त्यावर चार शेरे आले. त्या रात्री वाईट वाटलं होतं. सकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या पुन्हा वाचले, तर चारही बरोबर होते, आणि एका अनोळखी माणसाने माझ्या एका वाक्यासाठी अर्धा तास दिला होता.

थांबलेल्या वेळात दुसऱ्याची रिक्वेस्ट उतरवून आपल्या मशिनवर चालवून बघा आणि चाललं की नाही ते लिहा. रांग कमी होते, आणि तुमचं नाव ओळखीचं होतं.

प्रश्न (वाशी): मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री दोन-दोनपर्यंत पायथनचं हेच फुकटचं काम करत बसतो. यातून पोटापाण्याचं काही होईल का?

उत्तर: ताई, पगारी कामं आहेत, पण मोजकी. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०२१ मध्ये वुकाश लांगा यांना पूर्ण वेळ याच कामासाठी नेमलं, आणि काही कंपन्याही आपल्या माणसांना यासाठी वेळ देतात. नोकरीची हमी मी देणार नाही. मुलाखतीत मात्र 'हे मी केलं, आणि हा त्यावरचा वाद' असं उघड दाखवता येणं फार थोड्या मुलांना जमतं. झोप आणि परीक्षा यांच्या आड येत असेल तर वेळ जरूर बांधून द्या, इथलं कुठलंच काम एका रात्रीत अडून राहत नाही. आणि एकदा त्याच्या शेजारी बसून पायथनच्या कोडमधल्या 'मिस्क' फोल्डरमधली 'ॲक्स' नावाची फाइल उघडायला सांगा. पायथनला हातभार लावलेल्यांची नावं तिथे आडनावाच्या क्रमाने लिहिलेली असतात. त्याचं आलं असेल तर तो बोट ठेवून दाखवेल.