टाकीत मासे पाळायच्या बायोफ्लॉक पद्धतीत दोन टाक्यांतून महिन्याला किती नफा मिळेल?

नफ्याचं नंतर. आधी सांगा, तुमच्याकडे रात्री वीज जाते का?

आमचं गाव उजनीच्या काठचं. धरणात चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, आपोआप वाढते, ती टाकीत कशाला पाळायची, हा आमच्या दादाचा पहिल्या दिवसापासूनचा हेका. मी ऐकलं नाही. चार मीटर व्यासाच्या दोन ताडपत्री टाक्या उभ्या केल्या. मीटरभर पाणी, म्हणजे एकेकीत साडेबारा हजार लिटर. गूळ टाकून फ्लॉक, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, धरला, पाणी चहासारखं झालं. दादा रोज यायचा आणि म्हणायचा, "असल्या घाणीत मासा जगतो होय?"

पाचव्या महिन्यात एका रात्री डीपी जळाला. एका टाकीवर बॅटरीवर चालणारा हवेचा जादा पंप बसवला होता, दुसरीचा पुढच्या महिन्यावर ढकलला होता. चूक माझीच. तासाभरात तिथली चिलापी वर येऊन तोंडं उघडायला लागली. मी आणि बायको घमेल्यानं पाणी उपसून उंचावरून ओतत होतो. ती म्हणाली, त्या टाकीतल्या निम्म्या नळ्या इकडं टाका. तो पंप एका टाकीलाच जेमतेम पुरत होता, टाकल्या असत्या तर दोन्ही गेल्या असत्या. उजाडेपर्यंत एक टाकी संपली. लिंबाच्या बांधाला खड्डा घेतला, चुना टाकून सगळे पुरले. दादा खड्ड्याकडं बघून म्हणाला, "घाण पाण्यानं मेले." गावात आजही तो हेच सांगतो.

म्हणून लिहितोय. ते पाणी घाण नसतं. खाद्य आणि विष्ठेतून अमोनिया होतो, गुळातला कार्बन मिळाला की जिवाणू तो अमोनिया खाऊन वाढतात आणि तेच जिवाणू परत माशांचं खाद्य होतात. त्यामुळं पाणी फार बदलावं लागत नाही. आमच्या दुष्काळी पट्ट्यात याला मोल आहे. काढलेला गाळ मी लिंबाला देतो. पण माशांसोबत हे जिवाणूही ऑक्सिजन ओढतात, म्हणून हवा थांबली की शेततळ्यातल्यासारखी सवड मिळत नाही. ऑक्सिजन लिटरला 5 मिलीग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. इम्हॉफ कोनात, म्हणजे खाली बसलेला गाळ मोजायच्या नरसाळ्यासारख्या भांड्यात, फ्लॉक लिटरला 40 मिलीच्या वर गेला की गाळ काढा.

आता नफा. पैसा महिन्याला येत नाही, पाच-सहा महिन्यांनी मासे काढल्यावर एकदम येतो. तुम्हाला कुणी महिन्याचा आकडा सांगत असेल, तर तो टाक्या विकणारा आहे. मी दोन दिवस फी भरून ज्या कार्यशाळेला बसलो, तिथल्या हिशेबाच्या कागदावर वीजबिलाची ओळच नव्हती. केंद्राच्या 2020 मधल्या मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठरलं होतं, पण अनुदान बघून यात उतरू नका. आधी बॅटरी, मग टाकी.

थंडीत चिलापी खाणं कमी करते, तो काळ हिशेबात धरा. थाई मागूर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्यावर बंदी आहे.

आणि दादा, वाचलंस तर एवढंच सांग. दोन्ही टाक्यांत पाणी एकाच रंगाचं होतं, मग एकीतले मेले आणि एकीतले का जगले?