फ्रेंच क्लास लावून पण येतं, मग युनिव्हर्सिटीत कशाला?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. अर्थशास्त्र आणि फ्रेंच दोन्हीकडे अ‍ॅडमिशन मिळतेय, आणि घरचे म्हणतायत फ्रेंच काय क्लास लावून पण येईल, त्यासाठी तीन वर्षं कशाला घालवायची. घरच्यांचं निम्मं बरोबर आहे हे आधीच सांगून टाकते. नुसतं बोलण्यापुरतं हवं असेल तर क्लास पुरतो, डेल्फची (फ्रान्सची अधिकृत फ्रेंच परीक्षा) मधली पातळी बी१ आरामात होते, नेटाने अभ्यास केला तर त्यापुढची बी२ पण, आणि डेल्फचं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं (टीसीएफ नि टीईएफ या फ्रेंचच्याच दुसऱ्या परीक्षांचे मार्क दोनच वर्षं धरतात, तेवढं लक्षात ठेव).

डिग्रीत मिळतं ते वेगळंच. माझं पहिलं वर्ष क्लाससारखंच गेलं, क्रियापदं घोका, लिंगं घोका, आणि आकडे तर विचारूच नको, ९७ म्हणायला चार-वीस-दहा-सात म्हणायचं! बेल्जियम-स्वित्झर्लंडवाले शहाणे, ते नव्वदला सरळ नोनांत म्हणतात.

खरी मजा सुरू झाली भाषांतराच्या पेपरला. एका कराराचा उतारा होता, त्यात एव्हांत्युएलमां असा शब्द आला, मी इंग्रजीतल्या इव्हेंच्युअलीच्या नादात ठोकून दिलं 'शेवटी'. त्याचा अर्थ होता 'तशी वेळ आलीच तर'. म्हणजे जे कदाचित द्यावे लागतील ते पैसे मी देणारच असं लिहून बसले. मॅडमनी लाल रेघ मारून विचारलं, हे पैसे तू भरणार का? १०६६ नंतर नॉर्मन लोकांमुळे इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला खरा, पण पुढे कित्येक शब्दांचे अर्थ दोन्हीकडे आपापल्या वाटेने गेले. तेव्हापासून ओळखीचा शब्द दिसला की मला आधी संशय येतो आणि आज त्याच संशयावर माझं पोट चालतं, मी भाषांतरंच करते.

दुसरं म्हणजे निबंध. तिकडे त्याला दिसेर्तासियों म्हणतात, एक बाजू मांडायची, मग उलटी बाजू तितक्याच ताकदीने मांडायची, मग दोन्हींतून वाट काढायची. न पटणारी बाजू दोन पानं लढवायला मला तिथे शिकवलं, क्लासमध्ये हे कोण करून घेणार?

आणि फ्रेंच म्हणजे पॅरिस हे डोक्यातून जातं. सेंगोर सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि कवी पण, १९८३ मध्ये फ्रेंच अकादमीवर, म्हणजे फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या फ्रान्सच्या संस्थेवर, निवडून गेले, अल्जीरियाची लेखिका आसिया जेबार २००५ मध्ये. ज्यांनी राज्य केलं त्यांचीच भाषा घेऊन त्यांनाच सुनावणारी ही माणसं, हे लेखक मी परीक्षेसाठी वाचलेच नाहीत, नुसते वाचत सुटले.

आता पोटापाण्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच, आंतरराष्ट्रीय न्यायालयात पण तेच. ऐकायला भारी वाटतं, पण अशा जागा मोजक्या, त्या भरवशावर डिग्री घेऊ नकोस. काम मिळतं ते फ्रेंच अधिक दुसरं काहीतरी, याला. तुझ्याकडे ते दुसरं आधीच आहे की! पश्चिम आफ्रिकेतले ८ देश मिळून एकच चलन वापरतात, सीएफए फ्रँक, त्यांच्या मध्यवर्ती बँकेचे अहवाल फ्रेंचमध्ये निघतात, अर्थशास्त्र शिकलेल्यांपैकी किती जण ते थेट वाचू शकतील?

म्हणून मी तुझ्या जागी असते तर अर्थशास्त्र मेजर, फ्रेंच मायनर घेतलं असतं, तशी सोय असेल तर. नसेल तर फी भरायच्या आधी फ्रेंच डिपार्टमेंटच्या सीनियर्सकडून मागच्या दोन सेमिस्टरचे पेपर माग. भाषांतर आणि फ्रान्सबाहेरचे लेखक दिसले तर बिनधास्त घे. सगळं गाळलेल्या जागा भरा आणि हॉटेलातले संवादच असतील तर घरच्यांचं ऐक, क्लास लाव.