आकडा आला कुठून, हे आधी बघ

प्रिय मित्रा,

मृदा यांत्रिकी आणि पाया अभियांत्रिकीचा प्राध्यापक व्हायचं ठरवलंयस, तर सुरुवातीची दोन वर्षं प्रयोगशाळेतलं काम साहाय्यकावर टाकू नकोस. सेंद्रिय माती आधी ओव्हनमध्ये वाळवून लिक्विड लिमिट (माती चिखलासारखी वाहू लागते तेव्हाचं पाण्याचं प्रमाण) काढली, तर आकडा बराच खाली येतो. वाळताना मातीचा गुणधर्मच बदललेला असतो. वहीत तो आकडा कुणाला खटकत नाही. खटकायला माती हाताखालून गेलेली लागते.

साइटवरही तेच. एसपीटीत, म्हणजे बोअरच्या तळाशी नळी ठोकून मातीचा घट्टपणा मोजण्याच्या चाचणीत, 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पडतो, पहिल्या 15 सेंटिमीटरचे ठोके सोडून पुढच्या 30 चे मोजायचे, एवढं विद्यार्थी पाठ करतात. पण भूजलपातळीखालच्या वाळूत बोअरमधलं पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा खाली गेलं, की तळाची वाळू उकळल्यासारखी वर येते, सैल पडते आणि एन-व्हॅल्यू, म्हणजे मोजलेल्या ठोक्यांची संख्या, खोटीच कमी मिळते. सॅम्पलरच्या, म्हणजे ठोकायच्या नळीच्या, तोंडाशी गोटा अडकला, की ती खोटीच वाढते. म्हणून विद्यार्थ्यांना अख्खा दिवस बोअरपाशी उभं कर; लॉग, म्हणजे कुठल्या खोलीवर काय लागलं याची नोंद, त्यांनाच लिहू दे.

वर्गात सर्वांत जास्त वेळ इफेक्टिव्ह स्ट्रेसला दे, म्हणजे एकूण ताणातून पाण्याचा दाब वजा करून मातीच्या कणांवर उरणाऱ्या ताणाला. घाई करायचीच तर ती वर्गीकरणाच्या तक्त्यांत कर. तलावाची पातळी 2 मीटरने वाढली, तर तळाच्या मातीत इफेक्टिव्ह स्ट्रेस किती वाढेल, असं विचार. 'शून्य, कारण एकूण ताण आणि पाण्याचा दाब सारखेच वाढतात' हे उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

कन्सॉलिडेशन, म्हणजे भाराखाली पाणी हळूहळू निघून माती दबणं, हेही हिशेबातून शिकव. 20 मिलिमीटर जाडीच्या सॅम्पलला निम्म्या कन्सॉलिडेशनसाठी 10 मिनिटं लागली, तर तसाच दोन्ही बाजूंनी निचरा होणाऱ्या 4 मीटर थराला 200 च्या वर्गाइतका, 40,000 पट वेळ लागतो, म्हणजे साधारण नऊ महिने. खाली अभेद्य खडक असेल, तर निचरा एकाच बाजूने होतो आणि तीन वर्षं लागतात. आणि थरातली बोटभर वाळूची रेघ बोअर लॉगमध्ये सुटली असेल, तर यातला कुठलाच आकडा खरा नाही.

सल्लागारीची कामं जरूर घे, शिकवण्यात जीव त्यातूनच येतो. कॅनडात ट्रान्सकोना इथलं धान्याचं अवाढव्य कोठार 1913 मध्ये कलंडलं. वरच्या चिकणमातीखाली जास्त मऊ थर होता आणि खड्ड्याच्या तळाशी छोट्या क्षेत्रावर घेतलेल्या भारचाचणीला तो जाणवलाच नव्हता. अशा चाचणीत ज्या प्लेटवर भार देतात, ती स्वतःच्या रुंदीच्या दुपटीहून खोलवरचं फारसं सांगत नाही. मध्ये खडक लागलेला नसताना बोअर पायाच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोल गेलेला नसेल, तर त्या अहवालावर सही करू नकोस, काम देणारा कितीही घाईत असो.