जमिनीतली ओल आणि रक्तातली गुणसूत्रे

प्रश्न : माझा मुलगा कृषी महाविद्यालयात शिकतो. न्यूट्रॉन सोडून जमिनीतली ओल मोजणारे उपकरण त्याने तेथे पाहिले. न्यूट्रॉनमुळे रक्तातली गुणसूत्रे क्ष-किरणांपेक्षा जास्त तुटतात, असेही त्याच्या ऐकण्यात आले आहे. हे खरे आहे काय?
— एक शेतकरी, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

उत्तर : होय, खरे आहे, आणि त्याचे कारण त्या उपकरणातच दडलेले आहे. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. पण त्याचे वस्तुमान हायड्रोजनच्या अणुकेंद्राएवढेच असल्यामुळे, सारख्या वजनाच्या गोटीवर गोटी आपटावी तसा तो पाण्यातल्या हायड्रोजनवर आदळून मंदावतो. किती न्यूट्रॉन मंदावून परतले, यावरून आपल्या काळ्या जमिनीतली ओल कळते. आपल्या शरीरातही पाणीच अधिक. तेथे या धडकेने उसळलेला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे अणुकेंद्र, पेशीतून जाताना अत्यंत दाट आयनीभवन करतो, म्हणजे वाटेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतो. पाखरांनी वावरभर विखरून टिपलेली कणसे आणि रानडुकरांच्या कळपाने आडवा पाडलेला पट्टा यांत जो फरक, तोच क्ष-किरण आणि न्यूट्रॉन यांत आहे. गुणसूत्रातल्या डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळच अनेक जागी तुटल्याने पेशीला ते नीट सांधता येत नाहीत, आणि दोन वेगळ्या गुणसूत्रांची तुटकी टोके एकमेकांना जोडली जाऊन दोन गुणसूत्रबिंदू (गुणसूत्राचा आवळलेला भाग; एरवी तो एकच असतो) असलेले विकृत गुणसूत्र तयार होते.

रक्तातील लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) प्रयोगशाळेत सुमारे ४८ तास वाढवून, विभाजनाच्या मध्यावर थांबवून अशी गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. किरणोत्सार न झालेल्या माणसात ती हजार पेशींत एखाद-दुसरीच आढळतात. न्यूट्रॉनची मात्रा दुप्पट झाली की त्यांची संख्याही साधारण दुप्पट होते. क्ष-किरणांच्याच जातीच्या गॅमा किरणांच्या अल्प मात्रेत मात्र ती फार कमी वाढते, आणि तीच मात्रा सावकाश मिळाली तर दुरुस्तीला अवसर मिळून आणखी घटते. न्यूट्रॉनच्या बाबतीत ही सवलत जवळजवळ नाही, म्हणून मला ही बाब गंभीर वाटते. जपानमधील तोकाईमुरा येथील अणुइंधन कारखान्यात ३० सप्टेंबर १९९९ रोजी झालेल्या अपघातात ज्या ३ कामगारांना न्यूट्रॉन व गॅमा किरणांची मोठी मात्रा मिळाली, त्यांच्या मात्रेचा अंदाज घेण्यासाठीही लिम्फोसाइटमधील गुणसूत्रे तपासली गेली; त्यांपैकी दोघे पुढे दगावले.

मुलाच्या उपकरणातील स्रोत याच्या तुलनेत अगदी लहान असतो आणि तो पॅराफिन किंवा पॉलिथिलीनच्या, म्हणजे हायड्रोजनयुक्त पदार्थाच्याच, आवरणात ठेवतात. मात्र स्रोत आवरणाबाहेर असताना त्याने विनाकारण जवळ उभे राहू नये आणि मात्रा नोंदवणारा बिल्ला लावल्याशिवाय काम करू नये. दवाखान्यातल्या साध्या क्ष-किरण तपासणीत न्यूट्रॉन नसतात.